हिराजीदादांची जीभ

माझे साडू हिराजीदादा पाइप चाटून बघतात.

तेही चारचौघांत, भर दुकानात, गिऱ्हाईक समोर उभं असताना. आधी पाइपचं टोक नाकाशी धरायचं आणि डोळे मिटायचे. मग अंगठ्याने दाबून बघायचं, वाकवून बघायचं, आणि शेवटी कडेवरून जीभ अलगद फिरवायची. दुकान माझं आहे. जुईनगर स्टेशनपासून पाच मिनिटांवर, पाइप, नळ आणि फिटिंगचं. एकदा एक बाई नळाचा वायसर घ्यायला आल्या होत्या. त्यांनी हा प्रकार बघितला आणि हळूच मला विचारलं, "काकांना बरं नाही का?"

"साडू आहेत माझे," मी म्हटलं. बाईंनी समजून मान डोलावली आणि वायसर न घेताच गेल्या.

चाटून झालं की दादा निकाल देतात. "यो पाइप आंगनाला चालंल. झाडाला चालंल. गाडी धुवायला चालंल. मानसाला नाय चालनार." आणि तो पाइप माझ्या हातात परत देतात. ओला.

मी या माणसावर जळतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की सांगितलं नाही. सासुरवाडी एक आणि जावई दोन असले की मापं काढली जातातच. त्यात ते थोरले, मी धाकटा. त्यांचे केस साठीतही काळे, माझे पस्तिशीतच पळाले. पण या गोष्टी मी सोडून देतो. केसांचं काय एवढं. माझं दुखणं पाइपचं आहे.

सीवूड्सच्या मागच्या अंगाला खाडीवर आमच्या मच्छीमार लोकांची जेटी आहे. खाडीतल्या लहान होड्या भरतीला जातात आणि पुढच्या भरतीला परत येतात. त्यांना पाण्याचा एक कॅन पुरतो. पण पाच मोठ्या बोटी बाहेर समुद्रात जातात, त्या आठ-आठ दिवस येत नाहीत. त्यांच्या पोटात पिण्याच्या पाण्याची टाकी असते. ती जेटीवरच्या नळाला लांब पाइप लावून भरायची. एकदा भरली की आठ दिवस सात-आठ माणसं तेच पाणी पिणार, त्यातच भात शिजवणार, त्याचाच चहा करणार. चोहीकडे पाणीच पाणी, पण दुसरा थेंब तोंडात घेता येत नाही.

तर तो पाइप कुठला असावा, हे हिराजीदादा ठरवतात.

त्यांना हा अधिकार कोणी दिला, याचा शोध मी बरेच दिवस घेतला. कोणीच दिलेला नाही. दादा तरुणपणी वडिलांच्या बोटीवर होते. एकदा कोणीतरी टाकी भरायला बागेचा हिरवा पाइप वापरला. त्या पाण्याला असा वास होता की तिसऱ्या दिवशी खलाशी पाण्याऐवजी बर्फ चोखायला लागले. मासळीचा बर्फ. परत आल्यावर सगळे आजारी पडले. दादांनी समुद्र सोडला आणि पावणे गावच्या, पाइप बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मशिनीवर लागले, ते तीस वर्षांनी रिटायर होऊनच बाहेर आले. प्लास्टिकचे दाणे वितळवून पाइप कसा ओढतात, स्वस्त पाइपात जुनं भंगार प्लास्टिक कसं मिसळतात, तो मऊ राहावा म्हणून त्यात काय काय घालतात आणि मग उन्हात तेच कसं पाण्यात उतरतं, हे सगळं त्यांना पाठ. मला पाइप विकता येतो. त्यांना तो जन्मापासून माहीत असतो. हे मला मान्य आहे, पण ते लोकांसमोर मान्य करायची माझी तयारी नव्हती.

त्यांचे नियम जेटीवर देवाच्या आरतीसारखे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पिण्याचा पाइप फक्त पिण्याच्या पाण्याला. आरपार दिसणारा पाइप नको, ऊन लागलं की आत शेवाळ धरतं. काम झालं की पाणी झटकून काढायचं, दोन्ही टोकांना टोप्या घालायच्या आणि पाइप खुंटीला टांगायचा, खाली लोळवायचा नाही. टाकी भरायच्या आधी पाण्याची पहिली धार सोडून द्यायची. "पाइप रातभर काय पेला, ते त्याला आधी ओकू दे," असं ते म्हणतात.

बाळारामशेठ हे जेटीच्या सोसायटीचे चेअरमन आणि सर्वात मोठ्या बोटीचे मालक. त्यांनी एकदा घाईत त्याच पाइपने डेकवरची मासळीची घाण धुतली. दादांनी घरून कोयता आणला, पाइपचे वाव-वावभर, म्हणजे पुरुषभर लांबीचे, तुकडे केले आणि वाडीत घरोघरी नेऊन दिले. "तुलशीला पानी घालायला होईल," म्हणाले. चेअरमन तोंड पाडून बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नवा पाइप घेऊन आले. असं मी केलं असतं तर मला खाडीत घातलं असतं.

बोट परत आली की पहिला वाटा दादांच्या घरी जातो. पंजाएवढी पापलेटं. त्याच बोटीच्या टाकीला व्हॉल्व्ह मी दिला, क्लॅम्प मी दिले, झाकणाचं रबर मी दिलं, पण माझ्या दुकानात कधी सुका बोंबील आला नाही. नव्या बोटीची पूजा असली की नारळ भटजी फोडतात आणि टाकीत पहिलं पाणी दादा सोडतात. मी मागे उभा राहून प्रसादाची वाट बघतो. आणि दुकानात? एखाद्या बोटवाल्याला मी तासभर माल दाखवतो, तो सगळं ऐकतो, आणि म्हणतो, "चांगला हाय. जरा हातभर तुकडा द्या, दादांना दाखवून येतो." लग्नाची मुलगी दाखवायला न्यावी तसा माझा माल तिकडे जातो आणि नकार घेऊन परत येतो.

घरी तर बोलायलाच नको. वंदना, म्हणजे माझी बायको, आपल्या बहिणीकडून आली की दोन दिवस तिच्या तोंडी भावजींचंच नाव. "सुमनताईने साधी वांग्याची भाजी केली होती, तर भावजी म्हणाले, आज वांगं तुझ्या हातात खूश झालंय. तुम्ही कधी असं बोललात?"

"वांगं खूश झालेलं मला कळत नाही," मी म्हणालो. त्या दिवशी रात्री पिठलं होतं.

आता ती चव घ्यायची पद्धत सांगतो. नवा पाइप घ्यायचा असला की दादा त्याचा हातभर तुकडा कापतात. एका टोकाला बूच मारतात, आत पाणी भरतात, दुसऱ्या टोकालाही बूच मारतात. तो तुकडा सोसायटीच्या शेडच्या पत्र्यावर दोन दिवस उन्हात तापवतात. मग ते पाणी स्टीलच्या पेल्यात ओतून प्यायचं. "वर छापलेलं काय बी असूं दे," दादा म्हणतात. "छापायला शाई लागते. तू जिभेला इचार."

पूर्वी चव ते एकटेच घ्यायचे. चार-पाच वर्षांपूर्वी अचानक त्यांना माझी आठवण झाली. तेव्हापासून दर वेळी फोन येतो, "साडू, ये. पयला घोट तुझा." मी दुकान बंद करून जातो. सगळ्यांसमोर घोट घेतो. काही बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात दादा हात वर करतात. "थांब. बोलू नको." मग ते स्वतः घोट घेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. तो निकाल नेमका माझ्या मनात असतो तोच असतो. लोक म्हणतात, काय जीभ आहे! माझी जीभ त्याच्या आधी तिथे पोचलेली असते, पण तिचं कोणी नाव काढत नाही. मला बोलूच द्यायचं नाही, तर बोलवायचं कशाला? मी ठरवून टाकलं की माझा पाणउतारा करायला बोलवतात.

या वर्षी जुलैमध्ये जेटीवरचा जुना पाइप फुटला. पावसाळ्याची मासेमारीची बंदी संपत आली होती, बोटींना रंग लागले होते, जाळी दुरुस्त होऊन तयार होती. सोसायटीने ठरवलं की दोनशे फूट नवा पाइप घ्यायचा. माझ्याकडे एक निळा पाइप नुकताच आला होता. तीन थरांचा, चकचकीत, वर पिण्याच्या पाण्याचा असं छापलेला. मी तो जेटीवर नेऊन दिला. दादांनी मात्र पावण्याच्या आपल्या जुन्या कारखान्यातून पांढरा, मातकट दिसणारा पाइप आणला. माझ्या दुकानाला वळसा घालून! सख्खा साडू पाइपचा दुकानदार असताना!

त्या दिवशी मी पेटलो. मला दुसरं काही नको होतं. त्या जेटीवर, त्या खुंटीला, माझा पाइप टांगलेला हवा होता, आणि पाचही बोटींवरच्या माणसांनी म्हणायला हवं होतं की हा आपल्या जुईनगरवाल्याने दिलाय.

दोन्ही पाइपचे तुकडे पुढच्या आठवड्यात पत्र्यावर चढणार होते. पावसानेही नेमकी उघडीप दिली. आणि माझ्या डोक्यात एक किडा शिरला. दुकानामागे बागेच्या हिरव्या पाइपचा एक तुकडा पडला होता, सर्वात हलका माल. त्यात मी पाणी भरून चार दिवस दुकानाच्या पत्र्यावर तापवलं आणि बाटलीत काढलं. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी जेटी जेवून आडवी झाली होती, तेव्हा मी ड्रमवर पाय देऊन शेडवर चढलो. दादांच्या पांढऱ्या तुकड्यातलं पाणी ओतून दिलं आणि त्यात माझ्या बाटलीतलं भरून बूच मारलं. या वयात पत्र्यावर चढलेला मी खाली उतरताना पायजमा फाडून घेतला, तेही सांगून टाकतो.

बेत साधा होता. दादा आपल्याच पाइपचं पाणी पिणार आणि आपल्याच तोंडाने त्याला नापास करणार. ते खोटं बोलणार नाहीत याची मला खात्री होती. त्यांच्या जिभेवर माझा एवढा विश्वास होता.

अडचण एकच. पहिला घोट माझा. ते घाण पाणी पिऊन माझं तोंड वाकडं झालं असतं तर बाळारामशेठ तिथेच म्हणाले असते की साडूने नाटक केलं. मला चेहरा कोरा ठेवायला हवा होता, आणि तेच मला येत नाही. म्हणून मी पाच दिवस आरशासमोर उभा राहून कारल्याचा रस प्यायलो. चौथ्या दिवशी जमलं. वंदनाने बहिणीला फोन करून आनंदाने सांगितलं, "यांनी एकदाचं साखरेचं मनावर घेतलं गं."

तपासणी सकाळची होती. ओहोटी लागलेली, खाडीच्या चिखलाचा वास सुटलेला, त्यामुळे पेल्यातला वास दोन हातांवरून कोणाला येणार नव्हता. शेडमध्ये दहा-बारा जण जमले होते. दादांनी आधी माझ्या निळ्या पाइपचं पाणी पेल्यात ओतलं.

"साडू, घे."

मी घोट घेतला. नव्या बादलीत पाणी तापल्यावर लागते तशी जरा चव होती. थोडीच, पण होती. मी मनातून खचलो, पण सराव कामाला आला आणि चेहरा कोराच राहिला. दादा माझ्याकडे बघत राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"चालंल," ते म्हणाले.

माझा माल पहिल्यांदा पास झाला होता! मला उडी मारावीशी वाटली. पण आत कुठेतरी खटकलं. ही चव दादांच्या जिभेतून सुटायची नाही. एवढ्या चवीवर त्यांनी माझे गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले होते.

मग पांढऱ्या पाइपचं पाणी आलं. मी घोट घेतला. बंद खोक्यातून काढलेल्या नव्या पावसाळी चपला चघळाव्यात, असं ते पाणी होतं. पण मी पाचही दिवसांचं कारलं आठवलं आणि नुसता उभा राहिलो. दादा पुन्हा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी पेला उचलला, चांगला मोठा घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला.

"गोड हाय," ते म्हणाले. "यो बी चालंल."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ते पाणी पिऊन कोणालाही गोड म्हणता येणार नाही. आंधळ्यालाही नाही, बहिऱ्यालाही नाही. फक्त एकाच माणसाला म्हणता येईल, ज्याला चव लागतच नाही त्याला.

"दोनी पास?" बाळारामशेठ उठले. "असं कधी झालं नाय. आना तो पेला, मी बी बगतो." आणि त्यांनी हात पुढे केला.

माझा डाव मला हवा त्यापेक्षाही चांगला जमून आला होता. शेठनी एक घोट घेतला की संपलं. दादांची जीभ गेली, हे संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं असतं. पहिला वाटा, पूजेचा मान, कोयता, सगळं संपलं असतं, आणि खुंटीला निळा पाइप लागला असता. दादा खाली बघत होते. त्यांनी पेल्यावर हाताचं झाकण धरलं होतं. इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडाकडे रागाने बघत आलो, पण त्या हाताकडे कधी बघितलंच नव्हतं.

मी शेठच्या आधी पेला ओढला आणि एका दमात सगळा पिऊन टाकला. डोळ्यांतून पाणी आलं. जबर ठसका लागला.

"अरे, काय ही तान!" शेठ म्हणाले. सगळे हसले.

"पांढरा घ्या," मी ठसकत म्हणालो. "निळ्याला थोडी चव येते. दादा माझ्या भिडेखातर बोलले नाहीत. पांढराच घ्या."

"आपल्या मालाला नावं ठेवनारा दुकानदार आज बगितला," शेठ म्हणाले आणि पांढरा पाइप ठरला. बाकीचे उठून गेले. दादा बसून राहिले, म्हणून मीही बसलो.

दादांनी विचारलं, "किती घान होतं?"

"काय?"

"पानी. पेला रिकामा केलास तवाच समजलं. चांगलं पानी मानूस इतक्या घाईनं नाय पीत."

मग मी सगळं सांगितलं. हिरवा पाइप, बाटली, पत्रा, फाटलेला पायजमा, कारल्याचा रस. मला वाटलं, कानाखाली बसणार. बसायला हवीच होती. पण दादा नुसते मान हलवत होते.

"त्या साथीच्या वर्साला ताप आला होता ना मला," ते म्हणाले. "वास गेला, चव गेली. सगल्यांची गेली होती. सगल्यांची परत आली. माझी नाय आली."

"पाच वर्षं?"

"मीठ बी कलत नाय रे. कालवन काय, चा काय, गरम पानी नुसतं."

"मग मला कशाला बोलवायचात?"

"तुझं तोंड बगायला. दुसऱ्याची तोंडं खोटी बोलतात. हे बोटवाले सस्त्यासाठी घान पानी बी हसून पितील. तुझ्या तोंडावर जे हाय ते येतं. जीभ बी तुझी चांगली हाय, माझ्यापेक्षा बारीक. माझ्यावर जलतोस, ते बी येतं तोंडावर." ते थोडे हसले. "आज पयल्यांदा तुझं तोंड बंद होतं. मला वाटलं, दोनी पाइप चांगले असतील. पन घाम फुटला होता. उद्या यांना समजलं की मला चव नाय, तर पाइप कोन बगनार? जो सस्ता, तो येनार."

पाच वर्षं या माणसाने माझ्या चेहऱ्यावर पाच बोटींचं पाणी सोपवलं होतं. आणि मी त्याच पाच वर्षांत त्यांच्या नावाने बोटं मोडत होतो. मला तिथे बसवेना आणि उठवेनाही.

"सुमनताईंना ठाऊक आहे?" मी विचारलं.

दादांनी लगेच मान हलवली. "तिला नको सांगू. वंदनाला बी नको. ती रोज ताट वाढते नि समोर बसते. कसं झालंय, इचारते. लगीन झालं तवापासून इचारते. आता तिला सांगू, की मला काय बी लागत नाय? मंग ती कोनासाठी रांधनार?"

"पण मग तुम्ही रोज सांगता काय?"

"पोरगी होती तवर बरं होतं. पोरीच्या तोंडाकडं बगायचो नि बोलायचो. तिखट झालं की ती नाक पुसायची. मंग मी बोलायचो, आज मिरची रागावली गं. मागल्या वर्सी तिचं लगीन झालं." ते खाडीकडे बघत बोलत होते. "आता घरात दोगंच. ती माझ्या तोंडाकडं बगते, नि मी तिच्या. अंदाजानं बोलतो. दोनदा चुकलो. एकदा मीठच नव्हतं, नि मी बोललो, झकास झालंय. ती नंतर स्वयंपाकघरात एकटीच बसून होती. तिला वाटलं, माझं लक्ष उडालं तिच्या जेवनावरनं."

माझी जीभ शाबूत आहे. वंदना रोज ताट वाढते, मी मोबाइल बघत जेवतो आणि उठतो. वांगं खूश झालंय का, हे चोवीस वर्षांत मी एकदाही बघितलेलं नाही. ज्याला काहीच लागत नाही तो माणूस रोज बायकोसाठी चव शोधून काढतो, आणि मी त्याच्या पापलेटांवर जळत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पाइपचा नवा तुकडा कापून आम्ही दोघांनीच पुन्हा पत्र्यावर ठेवला, या खेपेला शिडी लावून. दोन दिवसांनी मी त्याचं पाणी प्यायलो. चव नाही, वास नाही, नुसतं पाणी. मी बोललो नाही, फक्त दादांकडे बघितलं.

"पास," दादा म्हणाले.

मग त्यांनी खाली बघत विचारलं, "रविवारी जेवायला येशील? सुमनला मी बोलतो, साडूला बोलव. दर रविवारी जमंल का?"

मोसम सुरू झाला. पाचही बोटी टाक्या भरून गेल्या आणि आठ दिवसांनी परत आल्या. पहिला वाटा नेहमीसारखा दादांच्या घरी गेला. त्या रविवारी मी आणि वंदना तिथे होतो. सुमनताईंनी पापलेटांचं कालवण वाढलं, दादांच्या समोर बसल्या आणि पदराला हात पुसत विचारलं, "कसं झालंय?"

दादांनी घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मीही घास घेतला. कोकम अगदी बेताचं, खोबरं ताजं, पापलेट लोण्यासारखं. मिठाचा मात्र एक कण जास्त. मी चावत होतो आणि ते माझ्या भुवया, गाल, ओठ वाचत होते. इतक्या आशेने माझ्या तोंडाकडे आजवर कोणी बघितलेलं नाही.

"पापलेट पान्यातनं थेट तुझ्या टोपात आलं गं," दादा म्हणाले. "नि येताना थोडा समुद्र घेऊन आलं. मीठ इतकंसं जास्त हाय. पन कोकम असं पडलंय, की ते बी गोड वाटतंय."

सुमनताई नव्या नवरीसारख्या लाजल्या. "यांच्या तोंडातून काही म्हणजे काही सुटत नाही," त्या वंदनाला म्हणाल्या. वंदना हनुवटीला हात लावून दादांकडे बघत होती. माझ्याकडे कोणीच नाही.

मी जळलो. चव माझी, शब्द त्यांचे आणि कौतुकही त्यांचंच. पण सुमनताई दुसरी वाटी भरायला उठल्या आणि दादांची नजर पुन्हा माझ्यावर आली. बाहेर ढग भरून आले होते, घरात अंधारलं होतं, आणि ते डोळे बारीक करून बघत होते. मी खुर्ची उचलली आणि खिडकीकडे, उजेडात तोंड येईल अशी वळवून ठेवली.